सोमवारी, सकाळी, रात्री: इंग्रजीत वेळेच्या आधी कोणता शब्द लावायचा?

‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’. मराठीत तिन्ही शब्दांच्या शेवटी एकच ‘ई’ येते आणि काम भागतं. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ॲट नाइट’. आपल्या एका प्रत्ययासाठी तिथे तीन वेगळे शब्द.

नागपुरात माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातली असतात. कोणी उमरेडहून येतं, कोणी काटोलहून, कोणी मानेवाड्यातच राहतं. त्यांचा शब्दसाठा चांगला असतो, काळही बऱ्यापैकी येतात. गाडी अडते ती ‘बाय’, ‘टिल’, ‘सिन्स’, ‘फॉर’ या एवढ्याशा शब्दांपाशी. मुलाखतीत अडते, ऑफिसच्या मेलमध्ये अडते. मग मुलं पुस्तकातला नियमांचा तक्ता पुन्हा एकदा पाठ करतात आणि पुन्हा त्याच जागी चुकतात.

याचं कारण माझ्या मते सरळ आहे. आपला एक प्रत्यय इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांची कामं एकटा उरकतो. बोलताना आपल्या डोक्यात आधी तो प्रत्यय येतो आणि त्याला आपण इंग्रजीतला कोणतातरी एकच शब्द कायमचा जोडून टाकलेला असतो. म्हणून सुरुवात इंग्रजी शब्दांपासून न करता आपल्या प्रत्ययांपासून करायला हवी. कोणता प्रत्यय कुठे फसवतो ते एकदा कळलं की पाठांतर फार थोडं उरतं.

शाळेतला तक्ता कुठवर पुरतो

शाळेत शिकवलेला नियम खरा आहे. घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना, ऋतू आणि वर्षाला ‘इन’. जागेबद्दल बोलतानाही इंग्रजी हीच उतरंड लावते: इन नागपूर, ऑन वर्धा रोड, ॲट छत्रपती चौक. शहराच्या आपण आत असतो, रस्त्यावर असतो आणि चौक हे नेमकं ठिकाण असतं. वेळेचंही तसंच. वर्षाच्या, महिन्याच्या आत घटना घडते, दिवसावर ती नोंदली जाते आणि घड्याळातला क्षण हा नेमका बिंदू.

सीताबर्डीची लढाई घ्या. आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला त्या टेकडीवर भिडली. ही लढाई ‘इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’ झाली, ‘इन १८१७’ झाली, ‘इन नोव्हेंबर १८१७’ झाली. महिन्यासोबत वर्ष आलं तरी ‘इन’च राहतो. तारीख आली की ‘ऑन २६ नोव्हेंबर १८१७’. इथवर तक्ता बरोबर चालतो.

आता ‘२६ तारखेच्या संध्याकाळी’ म्हणायचं आहे. संध्याकाळ एकटी असती तर ‘इन द इव्हनिंग’ झालं असतं. पण ती कोणत्या दिवसाची ते सांगितलं की ‘ऑन द इव्हनिंग ऑफ २६ नोव्हेंबर’. दिवस ठरला की ‘ऑन’ येतो आणि ‘इन’ बाजूला होतो. त्यामुळेच ‘सोमवारी सकाळी’चं इंग्रजी ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होतं. ‘इन द’ गळून पडतं. ‘थंडीतल्या एका सकाळी’ हेसुद्धा ‘ऑन अ कोल्ड मॉर्निंग’, कारण तीही एक ठरावीक सकाळ आहे. हे एकच सूत्र लक्षात ठेवलं तर निम्म्या चुका थांबतात, इतका हा मुद्दा मोलाचा आहे आणि तक्त्यात तो नेमका नसतो.

रात्रीचं काय? पहाट फुटण्याची वेळ, भर दुपारचे बारा, मध्यरात्र, सूर्यास्त या सगळ्या नेमक्या वेळा, म्हणून ‘ॲट डॉन’, ‘ॲट नून’, ‘ॲट मिडनाइट’, ‘ॲट सनसेट’. अख्खी रात्र मात्र काही बिंदू नाही, तरी ‘ॲट नाइट’, आणि तेही ‘द’ न लावता. इथे कारण शोधत बसण्यापेक्षा ते तसंच तोंडी बसवलेलं बरं. अर्थाचा फरक मात्र समजून घ्यावा. ‘ॲट नाइट’ म्हणजे रात्रीच्या वेळी, कुठल्याही रात्री: मे महिन्यात नागपुरात रात्रीही उकडतं. ‘इन द नाइट’ म्हणजे एका ठरावीक रात्रीच्या दरम्यान: काल रात्री दोनदा लाइट गेली.

सणांना दोन रूपं आहेत. ‘ॲट दिवाली’ म्हणजे दिवाळीच्या दिवसांत, त्या आठवड्यात केव्हातरी. ‘ऑन दिवाली’ म्हणजे त्याच दिवशी. पोळा एका दिवसाचा, म्हणून ‘ऑन पोळा’. मारबतीची मिरवणूक निघते ती दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला: ‘द डे आफ्टर पोळा’. इथे आधी ‘ऑन’ लावला तरी चालतो, नाही लावला तरी चालतो.

त, ला आणि ई

आता आपल्या बाजूने पाहू. ‘त’ हा सगळ्यांत भरवशाचा प्रत्यय. महिन्यात, उन्हाळ्यात, त्या काळात, आणि त्याचाच भाऊ ‘मध्ये’: १९५६ मध्ये, डिसेंबरमध्ये. जिथे मराठीत ‘त’ किंवा ‘मध्ये’ आपसूक येतो तिथे बहुतेक वेळा ‘इन’च लागतो. ‘दिवाळीत’सारखे अपवाद मोजके.

‘ला’ फसवतो. ‘पाचला ये’, ‘चौदा ऑक्टोबरला ये’, ‘दिवाळीला ये’. पहिल्याला ‘ॲट फाइव्ह’, दुसऱ्याला ‘ऑन’, तिसऱ्याला ‘ॲट’ किंवा ‘ऑन’. इथे एक युक्ती उपयोगी पडते. ‘ला’ काढून त्या जागी ‘वाजता’ बसतं का पहा. पाच वाजता ये: बसलं, म्हणजे ‘ॲट’. ‘दिवशी’ बसतं का? चौदा ऑक्टोबरच्या दिवशी ये: बसलं, म्हणजे ‘ऑन’.

‘ई’लाही हीच चाचणी लावा. ‘सोमवारी’ म्हणजे ‘सोमवारच्या दिवशी’, म्हणून ‘ऑन’. ‘सकाळच्या दिवशी’ कोणी म्हणत नाही. म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ या ‘इन द’च्या घरच्या, आणि रात्र एकटी ‘ॲट’ची.

जिथे काहीच लावायचं नाही

‘पुढच्या सोमवारी’, ‘गेल्या आठवड्यात’, ‘दर रविवारी’, ‘काल रात्री’, ‘या वर्षी’. मराठीत या सगळ्यांना प्रत्यय आहे, म्हणून हात आपोआप ‘ऑन नेक्स्ट मंडे’, ‘इन लास्ट वीक’, ‘ऑन एव्हरी संडे’ लिहून जातो. इंग्रजीत ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ आले की आधी काही लागत नाही. नुसतं ‘नेक्स्ट मंडे’, ‘लास्ट वीक’, ‘एव्हरी संडे’. ‘यस्टर्डे’, ‘टुमॉरो’, ‘टुनाइट’ हेही तसेच मोकळे.

एक बारकावा आहे. ‘गेल्या आठवड्यात’ म्हणजे ‘लास्ट वीक’, पण ‘मेच्या शेवटच्या आठवड्यात’ म्हणजे ‘इन द लास्ट वीक ऑफ मे’. ‘लास्ट’च्या आधी ‘द’ आला की त्याचा अर्थ ‘गेला’ न राहता ‘शेवटचा’ होतो, आणि मग ‘इन’ परत येतो.

पर्यंत: सगळ्यांत मोठा घोळ

माझ्या वर्गातली एक मुलगी मिहानमध्ये नुकतीच नोकरीला लागली होती. तिने एक दिवस मोबाइल माझ्यापुढे धरला. साहेबांना तिने लिहिलं होतं, ‘आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे.’ त्यावर साहेबांचं उत्तर होतं, की फाइल एकदाच हवी आहे, रोज पाठवायची गरज नाही.

“सर, मी तर शुक्रवारपर्यंत पाठवते एवढंच म्हटलं. यात चुकलं काय?”

“बेटा, ‘शुक्रवारच्या आत पाठवते’ असं म्हणून पहा बरं.”

“म्हणता येते न सर.”

“आता हे घे. ‘मी शुक्रवारपर्यंत गावाला राहते.’ इथे ‘च्या आत’ लाव.”

ती जरा थांबली. “शुक्रवारच्या आत गावाला राहते... नाही सर, हे नाही जमून राहिलं.”

तिने जे केलं तीच पूर्ण चाचणी आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ बसलं तर ‘बाय’. नाही बसलं तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. या दोघांचा अर्थ एकच, ‘अनटिल’ थोडा औपचारिक. कारण असं, की मराठीत ‘पर्यंत’ दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एक, काम त्या वेळेआधी केव्हातरी एकदा होऊन जाईल. फाइल पाठवणं एकदाच घडतं. दोन, एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत सतत चालू राहील. गावाला राहणं, वाट पाहणं, दुकान उघडं असणं, झोपणं ही सगळी ताणली जाणारी कामं. एकदाच्या कामाला ‘बाय’, चालू राहणाऱ्याला ‘टिल’. ‘सेंड टिल फ्रायडे’ वाचणाऱ्याला म्हणूनच वाटतं, की ही बाई शुक्रवार उजाडेस्तोवर पाठवतच राहणार.

ही जोडी कधीकधी एकाच जाहिरातीत भेटते. परीक्षेचं पोर्टल ३१ मार्चपर्यंत सुरू आहे आणि फॉर्म ३१ मार्चपर्यंत भरायचा आहे. पोर्टल ‘ओपन टिल ३१ मार्च’, फॉर्म ‘सबमिट बाय ३१ मार्च’. मराठीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही.

तारखेचा हिशोबही इथेच सांगतो, कारण त्यावर लोकांचं खरं नुकसान होतं. ‘३१ मार्चच्या आत’ म्हटलं की ३१ तारीख धरायची की नाही यावर आपल्याकडे वाद होतो. इंग्रजीत ‘बाय ३१ मार्च’मध्ये ३१ तारीख धरलेली असते. ‘बिफोर ३१ मार्च’मध्ये ती धरत नाहीत, म्हणजे ३० ही शेवटची. सरकारी फॉर्मवर ‘ऑन ऑर बिफोर’ असं लांबलचक लिहितात ते ही शंकाच राहू नये म्हणून.

वाक्य नकारार्थी असेल तर चाचणी थोडी डळमळते. ‘पाचपर्यंत साहेब येणार नाहीत.’ येणं एकदाच होतं, पण न येणं पाचपर्यंत चालू राहतं, म्हणून ‘ही वोन्ट कम टिल फाइव्ह’.

आणि एक सवयीची गोष्ट. आपण ‘पाचपर्यंत येतो’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात ‘पाचच्या सुमारास’ असतं, सव्वापाच झाले तरी कोणी काही म्हणत नाही. इंग्रजीत ‘बाय फाइव्ह’ म्हणजे फार तर पाच. सुमारास म्हणायचं असेल तर ‘अराउंड फाइव्ह’ म्हणा. परदेशातल्या क्लायंटशी बोलणाऱ्यांनी हे विशेष जपावं. तिथे साडेपाचला फाइल पाठवली तर ती उशिरा आली असंच धरतात.

पासून: सिन्स, फॉर आणि फ्रॉम

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ हे वाक्य भारतात इतकं रुळलं आहे की ते चुकीचं आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ तर मुलाखतीत हमखास ऐकू येतं. ‘गेल्या दोन वर्षांपासून’चं ते शब्दशः भाषांतर आहे.

मराठीत ‘२०२३ पासून’ही म्हणतात आणि ‘दोन वर्षांपासून’ही. पहिल्यात सुरुवातीचा क्षण सांगितला आहे, दुसऱ्यात किती काळ गेला त्याचं माप. इंग्रजीला हे दोन वेगळे लागतात. सुरुवातीला ‘सिन्स’, मापाला ‘फॉर’. चाचणी पुन्हा मराठीतच आहे. ‘झाली’ किंवा ‘झाले’ लावून पहा. ‘मला इथे दोन वर्षं झाली’: बसतं, म्हणून ‘फॉर टू इयर्स’. ‘मला इथे २०२३ झाली’: हे कोणीच म्हणणार नाही, म्हणून ‘सिन्स २०२३’. ‘मला इथे सोमवार झाला’ बसत नाही, म्हणून ‘सिन्स मंडे’. ‘मला इथे चार दिवस झाले’ बसतं, म्हणून ‘फॉर फोर डेज’. ‘गेल्या दोन वर्षांपासून’चं बरोबर रूप ‘फॉर द लास्ट टू इयर्स’.

दुसरी अडचण क्रियापदाची. प्रमाण मराठीत आपण म्हणतो, ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय’. वर्तमानकाळ. म्हणून इंग्रजीतही ‘आय ॲम वर्किंग’ येतं. पण काम मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेलं असेल तर इंग्रजीला ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं.

इथे आपली नागपुरी बोली मदतीला येते. आपण काय म्हणतो? ‘मी दोन वर्षांपासून इथं काम करून राहिलो.’ ‘राहिलो’ हे दिसायला भूतकाळाचं रूप आहे, पण सांगतं ते चालू असलेलं काम. मागून सुरू झालं आणि अजून सुटलेलं नाही. ‘हॅव बीन’ नेमकं हेच करतं. मुंबई-पुण्याकडे ‘करून राहिलो’ला हसतात म्हणून आमची मुलं ते दाबून टाकायला शिकतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. या एका रूपामुळे इंग्रजीतला हा अवघड काळ त्यांना इतरांपेक्षा लवकर उमजू शकतो. फक्त एक सांभाळायचं: ‘आत्ता जेवून राहिलो’सारख्या वाक्यात, जिथे ‘पासून’ नाही, तिथे साधं ‘आय ॲम ईटिंग’च पुरे. ‘पासून’ आणि ‘करून राहिलो’ एकत्र आले तरच ‘हॅव बीन’.

दीक्षाभूमीचं उदाहरण घेऊ. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती घटना एका दिवशी घडली आणि पूर्ण झाली, म्हणून साधा भूतकाळ आणि ‘ऑन १४ ऑक्टोबर १९५६’. तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक इथे येतात. हे येणं अजून चालू आहे, म्हणून ‘पीपल हॅव बीन कमिंग हिअर सिन्स १९५६’. घटना एकच, पण घडली केव्हा ते सांगताना एक शब्द आणि तिथून आजवर काय चाललं आहे ते सांगताना दुसरा.

‘पासून’ आणखी एका जागी फसवतो. नागपूर मेट्रो मार्च २०१९ पासून सुरू झाली, असं आपण सहज म्हणतो. त्याचं ‘स्टार्टेड सिन्स २०१९’ होत नाही. सुरू होणं हे एका क्षणात होतं, ते चालू राहत नाही. ‘द मेट्रो स्टार्टेड इन मार्च २०१९’, आणि ‘द मेट्रो हॅज बीन रनिंग सिन्स मार्च २०१९’.

‘फ्रॉम’चा आजच्या दिवसाशी संबंध असतोच असं नाही. तो नुसती सुरुवात सांगतो आणि बहुतेक वेळा ‘टू’ला सोबत घेऊन येतो: दहा ते पाच म्हणजे ‘फ्रॉम टेन टू फाइव्ह’. पुढच्या काळासाठीही तोच: ‘फ्रॉम मंडे’, म्हणजे येत्या सोमवारपासून. तिथे ‘सिन्स’ कधीच चालत नाही, कारण ‘सिन्स’ची नजर मागेच असते. ‘बिटवीन’ घेतला तर मात्र मध्ये ‘अँड’ हवा: ‘बिटवीन टेन अँड फाइव्ह’. ‘बिटवीन टेन टू फाइव्ह’ ही दुकानांच्या पाट्यांवर दिसणारी खिचडी आहे.

आजपासून मोजायचं की दुसऱ्या घटनेपासून

‘चार वर्षांपूर्वी’ आणि ‘चार वर्षांनी’. मराठीला फरक पडत नाही, मोजणी कुठून सुरू होते ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ते शब्दातच सांगावं लागतं.

नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झालं. आज मागे वळून मोजलं तर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी: ‘मोर दॅन अ हंड्रेड इयर्स अगो’. ‘अगो’ नेहमी आजपासून मागे मोजतो, आकड्याच्या नंतर येतो आणि साधा भूतकाळ मागतो. ‘बिफोर टू इयर्स’ ही आपली अस्सल भारतीय चूक, ‘दोन वर्षांपूर्वी’वरून आलेली.

आता दुसरी मोजणी. नागपूर १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलं, महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. महाराष्ट्र होण्याच्या चार वर्षं आधी नागपूर मुंबई राज्यात आलं होतं. ही मोजणी आजपासून नाही, १९६० पासून मागे आहे. म्हणून ‘फोर इयर्स अर्लियर’ किंवा ‘फोर इयर्स बिफोर दॅट’. ‘अगो’ इथे चालणार नाही. उलट बाजूने सांगायचं तर चार वर्षांनी महाराष्ट्र झाला: ‘फोर इयर्स लेटर’.

पुढच्या काळातही हेच. ‘बाबा चार वर्षांनी रिटायर होतात’ हे आजपासून मोजलं, म्हणून ‘इन फोर इयर्स’. आपण इथे ‘आफ्टर फोर इयर्स’ म्हणतो. ऐकणाऱ्याला ते कळतं, पण ‘चार वर्षं उलटून गेल्यावर केव्हातरी’ असा सैल अर्थही त्याच्यापर्यंत जाऊ शकतो. ‘आफ्टर’ घटनेला किंवा घड्याळाला चांगला शोभतो: ‘आफ्टर फाइव्ह’, ‘आफ्टर द एक्झाम’.

या ‘इन’मध्ये मात्र इंग्रजीचंच दुबळेपण आहे, आणि तिथे मराठी उजवी ठरते. आपण ‘दोन दिवसांनी करतो’ आणि ‘दोन दिवसांत करतो’ असं स्पष्ट वेगळं बोलतो. इंग्रजीत दोन्हीला ‘इन टू डेज’. गोंधळ होण्यासारखा असेल तर दुसऱ्या अर्थासाठी ‘विदिन टू डेज’ वापरा. कुरियरवाला किंवा प्लंबर काय कबूल करतोय हे त्यावर ठरतं.

उरलेले, भराभर

‘ड्युरिंग’ सांगतो केव्हा, ‘फॉर’ सांगतो किती वेळ. मेच्या शेवटी येणारा नवतपा नऊ दिवसांचा. ‘ड्युरिंग नवतपा’ म्हणजे नवतप्यात, ‘फॉर नाइन डेज’ म्हणजे नऊ दिवस. ‘ड्युरिंग नाइन डेज’ म्हणू नका. हिवाळी अधिवेशनाचंही तेच: ‘ड्युरिंग द विंटर सेशन’ रस्ते बंद, ‘फॉर टू वीक्स’ बंद. पूर्ण क्रिया सांगायची असेल, जसं ‘मी जेवत असताना’, तर ‘ड्युरिंग’ला जागा नाही, ‘व्हाइल’ हवा.

वेळेवर आणि वेळेत. गाडी वेळेवर आली म्हणजे ठरल्या मिनिटाला: ‘ऑन टाइम’. ॲम्ब्युलन्स वेळेत पोचली म्हणजे फार उशीर होण्याआधी: ‘इन टाइम’. मराठीने हा फरक आयता दिला आहे, ‘वर’ला ‘ऑन’ आणि ‘त’ला ‘इन’.

‘मेच्या शेवटी’ म्हणजे ‘ॲट द एन्ड ऑफ मे’. ‘शेवटी पाऊस आला एकदाचा’ म्हणजे ‘इन द एन्ड’ किंवा ‘फायनली’.

‘दिवसातून दोनदा’ म्हणजे ‘ट्वाइस अ डे’. ‘ट्वाइस इन अ डे’ करू नका. यातला ‘अ’ मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘ऑन’चा झिजलेला अवशेष आहे, त्यामुळे जागा आधीच भरलेली आहे. ‘ओ’क्लॉक’मधला ‘ओ’ही असाच ‘ऑफ द’चा उरलेला तुकडा.

नागपूर स्टेशनवर ‘लेट बाय टू अवर्स’ ऐकू येतं. हा ‘बाय’ वेगळा. तो मुदत सांगत नाही, किती फरक पडला ते सांगतो.

ब्रिटिश की अमेरिकन

काही ठिकाणी दोन्ही बरोबर असतं. शनिवार-रविवारी म्हणायला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. सोमवार ते शुक्रवारसाठी अमेरिकन ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतात, आणि त्यात शुक्रवार नक्की धरलेला असतो. ‘सी यू मंडे’ असं ‘ऑन’ गाळून बोलणंही अमेरिकेत नेहमीचं आहे. परीक्षेला बसणाऱ्यांनी एक ढंग धरावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा. नोकरीत असाल तर समोरच्याचा ढंग उचला.

‘नेक्स्ट मंडे’बद्दल मात्र दोन्हीकडच्या लोकांचं आपसातही एकमत नसतं. बुधवारी बसून ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हटलं तर काहींना परवाचा शुक्रवार वाटतो, काहींना पुढच्या आठवड्यातला. तारीख आकड्यांत लिहिली तरी पेच सुटत नाही: ०५/०६ हे आपल्याला आणि ब्रिटिशांना ५ जून, अमेरिकनांना ६ मे. म्हणून मीटिंग ठरवताना वार आणि महिना अक्षरांत लिहा, तारखेला ‘ऑन’, वेळेला ‘ॲट’ लावा आणि ती वेळ भारताची की त्यांची, तेही त्याच ओळीत टाका.